दीड महिना मागे

आधी माफी मागते. अशा माणसांवर ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहावं, हे मला कळतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे आमच्याकडे अर्ज लिहिणं. त्यामुळे मधेच हे अर्जासारखं वाटलं तर समजून घ्यावं. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना मी आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "लिही की. पन बघितलेलं येगळं लिही, ऐकलेलं येगळं लिही. दोन्हीची भेसळ करू नको." तेवढं मला जमेल का, माहीत नाही.

मी आष्टीची. बारावीनंतर जालन्याला बीएस्सीला आले तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही. वडिलांच्या ओळखीतून एक खोली मिळाली. खाली काका-काकू राहायचे, वर गच्चीला लागून माझी खोली. काका एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायच्या लॅबमध्ये होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, ती ठरलेले दिवस कपाटात ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवल्या ते मोजायचं. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण मोजणं काही निवृत्त झालं नव्हतं. काकूंनी मटकीला मोड आणायला फडकं बांधलं की काका दुसऱ्या दिवशी त्यातले न फुगलेले दाणे वेगळे काढून मोजायचे.

"माह्या घरात उसळ बी मोजून होती," काकू म्हणायच्या. "जावई आल्ते तव्हा यांनी त्यांच्याम्होरं सांगितलं, शंभरात चार दाने टनक निघाले म्हनून. जावयानं चमचाच खाली ठेवला."

"टनक म्हंजे मेलेलं न्हाई," काका लगेच म्हणायचे. "त्येला उशीर लागतो, इतकंच."

घरात खोडरबर नव्हतं, पेन्सिलही नव्हती. सगळं निळ्या शाईत. कंपनीच्या जुन्या आडव्या वह्या त्यांनी निवृत्त होताना मागून आणल्या होत्या, आणि त्या वह्यांत ते आता अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मॅच लिहायचे.

हे ऐकून लोक हसतात. मीही पहिल्या दिवशी हसू दाबलं होतं. काकांनी बेसबॉल कधी पाहिलेला नव्हता. खेळलेला तर नाहीच. झालं असं की, खूप वर्षांपूर्वी लॅबमध्ये परदेशातून एक यंत्र आलं. त्याच्या खोक्यात आधाराला जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून घातली होती. त्यातल्या एका पानावर आकड्यांचा एक तक्ता होता. उभ्या नऊ ओळी, आडवी नावं, शेवटी आर, एच आणि ई अशी तीन अक्षरं. काकांना वाटलं हा कुठल्यातरी पिकाच्या चाचणीचा अहवाल आहे. आर म्हणजे रेप्लिकेशन, म्हणजे एकच चाचणी किती वेळा लावली ते. एच म्हणजे हायब्रीड. ई म्हणजे एरर. त्यांनी तो कागद इस्त्री करून ठेवला आणि कोणतं पीक असेल याचा कितीतरी वर्षं विचार केला.

"नऊच खाने कामून, याचं लई कोडं पडलं मला," ते मला म्हणाले होते. "मी साहेबाला बी दाखवलं. साहेब म्हनले, मका असंल."

निवृत्तीनंतर पुण्याच्या लेकीनं टॅबलेट दिला. काकांनी पहिल्याच आठवड्यात त्या तक्त्यावरचं गावाचं नाव त्यात घातलं, आणि तेव्हा कळलं की तो मका नव्हता, खेळ होता. नऊ खाने म्हणजे नऊ डाव, आर म्हणजे रन्स, एच म्हणजे हिट्स; तिन्ही अक्षरांपैकी फक्त एरर बरोबर निघालं. दुसरा कुणी ओशाळला असता. काका खूश झाले. म्हणाले, ज्या लोकांनी खेळाची नोंद इतकी नीट ठेवली तो खेळ वाईट असणार नाही. त्या पानावरची टीम तीच त्यांची टीम झाली. ती बहुतेक वेळा हरायची, पण ते त्यांना नंतर कळलं.

त्यांची बघायची पद्धत वेगळी होती. बघायची म्हणणंही चूक आहे, कारण ते वाचायचे. प्रत्येक मॅचचा चेंडूगणिक वृत्तांत इंटरनेटवर असतो. फेकणाऱ्यानं चेंडू टाकला, तो योग्य जागेतून गेला तर स्ट्राइक, म्हणजे फेकणाऱ्याच्या बाजूचं. बाहेरून गेला तर बॉल. अशा दोन-अडीचशे ओळी. सकाळी आंघोळ झाली की काका ओट्यावर बसायचे, एक ओळ वाचायचे, टॅबलेट पालथा ठेवायचे, वहीत खूण करायचे, मग पुढची ओळ. निकाल आधी बघायचा नाही. मॅच संपून कितीही दिवस झालेले असोत, त्यांच्या वहीत ती संपेपर्यंत ती संपलेली नसे.

"गुंडाळी आधीच उघडली तर बी बिघडतं," ते म्हणायचे. "दिवस भरू दे."

मी एकदा हौसेनं त्यांना खऱ्या मॅचचा व्हिडिओ दाखवला. ते दोन मिनिटं बघत राहिले आणि नाराज झाले. "एवढ्या जोरात फेकतेत व्हय? मला वाटलं, इचार करून टाकत असतील." पुन्हा व्हिडिओ बघायचं नाव काढलं नाही.

या वाचण्यामुळे ते नेहमी आठ-दहा दिवस मागे असायचे. पण माझ्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, काकू न्हाणीघरात घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. काका दीड महिना दवाखान्यात आणि काकूंच्या बहिणीकडे होते. टॅबलेट कपाटात. परत आल्यावर कुणीही मधल्या मॅच सोडून आजच्या मॅचपासून सुरुवात केली असती. काकांनी वही उघडली आणि जिथे खूण थांबली होती तिथून सुरू केलं. अमेरिकेत जून चालू होता आणि आमच्या ओट्यावर एप्रिल.

गल्लीला हे सगळं माहीत होतं. दूधवाला मुद्दाम ओरडायचा, "काका, कळालं का, तुमचे लोक काल हारले!"

काका दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणायचे, "कालची मॅच मला दीड महिन्यानं हाय. दूध ओत आन् जा."

दूधवाल्याला त्यातलं काहीही माहीत नसायचं. पण अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, टीमच तशी होती.

त्या टीमच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान होतं. तिथे हजारो लोक रोज बोलायचे. काकांना खेळाचे इंग्रजी शब्द येत, पण माणसांचं इंग्रजी जमत नसे. म्हणून ते वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजीही यथातथाच. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे. मीच काकांच्या वतीनं तिथे लिहिलं होतं, की भारतात एक गृहस्थ तुमच्या दीड महिना मागून येत आहेत, कृपया त्यांना पुढचं सांगू नका. मला वाटलं लोक चेष्टा करतील. थोडी केली. पण मग त्यांनी काकांसाठी वेगळी जागा उघडली, वर ठळक अक्षरात काका कोणत्या तारखेपर्यंत पोचले ते लिहायचं ठरवलं, आणि त्याच्या पुढचं कुणी तिथे बोललं की बाकीचे त्याला रागवायचे. तिकडच्याच एका खेड्यात राहणाऱ्या एक आजीबाई होत्या, त्या रोज विचारायच्या, "आमचे मागून येणारे काका कसे आहेत?"

आता डावखुऱ्याबद्दल. तो त्या टीममधला एक चेंडू फेकणारा. मोठा खेळाडू नव्हे. काकांनी जी पहिली मॅच वाचली, त्यात तो शेवटी आला, समोरच्या तिघा फलंदाजांनी त्याला धुतलं आणि त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्यालाच परत पाठवलं. काकांचा जीव तिथेच जडला. पुढे त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं आणि तो वर्षभर बाहेर राहिला. या मोसमात तो परत येणार, असं सगळे म्हणत होते. काका रोज वृत्तांतात त्याचं नाव शोधायचे. नाव दिसलं नाही की मला विचारायचे, "तिकडचे लोक काही म्हनून राह्यले का त्याच्याबद्दल?"

त्यांनी त्याचा संबंध काकूंशी जोडला होता, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी काकूंना वॉकर धरून रोज चालायला सांगितलं होतं. काकू चालत नव्हत्या. पाय टेकवला की रडायच्या. "आता मला इथंच राहू द्या," म्हणायच्या. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता चालल्या नाहीत तर पुढे कधी चालणार नाहीत. काका म्हणायचे, "त्याचा बी हाड-मासाचाच हात हाय. त्यो येऊन राह्यला तर तू कामून न्हाई?"

"त्यो जवान हाय," काकू म्हणायच्या.

एका सकाळी काकांची जागा उघडताना माझं बोट चुकलं आणि टीमच्या मुख्य पानावर गेलं. तिथे त्या दिवसाची बातमी होती. टीमनं डावखुऱ्याला सोडून दिलं होतं. हात अजून तयार नाही, आता तुझी गरज नाही, असं. मी टॅबलेट पालथा ठेवला. काका समोर बसून मे महिन्यातली मॅच लिहीत होते.

"काय म्हनतेत लोक?" त्यांनी विचारलं.

आत काकूंनी त्या दिवशी वॉकर ढकलून दिला होता आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी म्हणाले, "एकानं लिहिलंय, त्यानं सरावात वीस चेंडू टाकले. हात दुखला नाही."

हे मी बघितलेलं नव्हतं आणि ऐकलेलंही नव्हतं. काकांनी ते वहीत लिहिलं. मग उठून आत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का? त्यानं ईस टाकले! ऊठ, तू बी ईस टाक."

"मी काय टाकू? चेंडू?"

"पावलं."

काकू चिडून उठल्या. काकांना गप्प करायलाच उठल्या असाव्यात. वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. काकांनी मोजली, वीस. वहीत डाव्या पानावर डावखुऱ्याचे वीस चेंडू, उजव्या पानावर काकूंची वीस पावलं.

त्यानंतर मला थांबता आलं नाही. दोन दिवसांनी मी तीस चेंडू सांगितले. आठवड्यानं पंचेचाळीस. काकू शिव्या घालत स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागल्या. "त्या मेल्याला जरा दम खायला सांगा," म्हणायच्या, पण चालायच्या. आषाढ संपेपर्यंत त्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. मी मात्र रात्रंदिवस एकच हिशेब करत होते, की काका त्या तारखेला कधी पोचतील. काकांना खरं सांगावं असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर गुंडाळी आधीच उघडली जाणार, आणि काकू भिंतीकडे तोंड करणार. नाही सांगितलं तर वहीत खोटं वाढत जाणार. मी कॉलेजला जाताना ओट्यावरून मान खाली घालून जायचे.

एका सकाळी काकांनी हाक मारली. ते त्या तारखेला पोचले होते. मॅचच्या वृत्तांताखाली एक ओळ होती, तेवढं इंग्रजी त्यांना समजलं. त्यांनी टॅबलेट माझ्याकडे वळवला.

"हात तयार न्हाई, आसं लिहिलंय. मंग पंचेचाळीस कुठून आले?"

काकू शेजारी खुर्चीत होत्या. मी सगळं सांगितलं. पहिल्या वीसपासून. सांगताना रडू आलं, तरी सांगितलं.

काका उठले. मग आतून पट्टी आणली, वहीतली ती पानं काढली आणि वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "चुकीची नोंद खोडायची न्हाई. गिचमिड बिलकुल न्हाई. एक आडवी रेघ. खालचं वाचता आलं पायजे. बाजूला आजची तारीख आन् तुही सही."

"काका, मी..."

"लॅबमधी माह्याकून बी झालं व्हतं एकदा. सायबानं मला बी हेच सांगितलं. पान फाडू दिलं न्हाई. ओढ रेघ."

मी एकेका नोंदीवर रेघ ओढली, तारीख घातली, सही केली. नऊ नोंदी होत्या. मग माझ्या हातून पट्टी उजव्या पानावर सरकली, जिथे काकूंची पावलं लिहिली होती. काकूंनी वॉकर माझ्या अंगावर येईल इतक्या जोरात पुढे केला.

"ए बाई! तिकडं कुठं चालली? ते मी चालल्येय. त्यानं टाकले न्हाईत तर माह्यं चालनं खोटं झालं का?"

काकांनी पट्टी उचलून घेतली. "ते राहू दे," म्हणाले. "ते मी मोजल्यालं हाय." आणि हसले. पण त्या दिवशीची मॅच त्यांनी पुढे वाचली नाही. टॅबलेट आत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही काढला नाही, तिसऱ्याही नाही. दूधवाल्यानं हाक दिली तरी कानांवर हात गेले नाहीत.

त्यांची परवानगी न घेता मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या मनानं इंग्रजीत लिहिलं. चार ओळींना दीड तास लागला. लिहिलं, की ज्याला टीमनं सोडलं तो डावखुरा आता कुठे आहे हे कुणाला माहीत असेल तर सांगा. पुढचं-मागचं बघू नका, कोणत्याही तारखेचं चालेल. काका वाचायचे थांबले आहेत. काकूंचा पाय कसा सुधारतो आहे तेही लिहिलं, कारण ते खरं होतं.

काकूंचं चालणं सुरू होतं. काका सकाळी ओट्यावर रिकाम्या हातानं बसायचे आणि त्यांची पावलं मोजायचे.

"त्येला कुनीतरी घेतलं असंल," काकू एकदा म्हणाल्या.

"कंपनीनं लॉट नाकारला म्हंजे बी मेलं असं न्हाई," काका म्हणाले. "आमी नाकारलेलं बी घरी आनून डब्यात लावायचो. उगवायचं की. पन त्याची नोंद कुठंच नसायची." मग म्हणाले, "याची बी नोंद आता कुठं सापडायची न्हाई."

उत्तरं पुष्कळ आली, पण नक्की कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हणाला, तो गावी परत गेला. एक म्हणाला, त्यानं खेळणं सोडलं. आजीबाईंनी लिहिलं, की खाली लहान लहान टीम असतात, मोठ्या टीमनं सोडलेली मुलं तिथे जातात, तिथल्या मॅचचा वृत्तांत कुठे छापत नाहीत, मी विचारून बघते. मग त्यांचंही काही आलं नाही. यातलं मी काकांना काहीच सांगितलं नाही. नुसतं ऐकलेलं मी आता सांगणार नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावी जायला मी पिशवी भरत होते. सकाळचे साडेसात झाले असतील. फोन वाजला. आजीबाईंचा निरोप होता. मी तो जिन्यातच दोनदा वाचला, एक शब्द अडला तो शब्दकोशात बघितला, आणि खाली धावले. काकू काठी घेऊन तुळशीपर्यंत जाऊन परत येत होत्या. वॉकर आठवड्यापूर्वीच सुटला होता. काका मोजत होते.

"काका, आजीबाईंनी लिहिलंय. वाचू?"

"बघितलेलं हाय का ऐकलेलं?"

"त्यांनी बघितलेलं."

"वाच मंग."

मी एकेक वाक्य मराठीत करत वाचलं. "माझ्या गावापासून दोन तासांवर एक छोटं मैदान आहे. मुलाला गाडी चालवायला लावून आले. पाच-सहाशे माणसं असतील. लोक मक्याची कणसं खात बसलेत. तुमचा डावखुरा इथे आहे. केस वाढलेत. कडेला उभा राहून हात गरम करतोय. मला वाटतं त्याला आता बोलावतील."

काकूंनी काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसल्या. काका तसेच उभे होते.

"ही कव्हाची गोष्ट?" त्यांनी विचारलं.

"आत्ताची, काका."

"आत्ताची म्हंजे? किती दिवस झाले?"

"दिवस नाही झाले. तिथे रात्र आहे, मॅच चालू आहे. त्या तिथेच बसून लिहितायत."

काका मग आत गेले. मला वाटलं त्यांना ते सोसलं नाही. पण ते वही आणि पेन घेऊन आले, ओट्यावर बसले आणि कोरं पान काढलं. फोन पुन्हा वाजला. मी वाचलं, "बोलावलं. चालत चाललाय. लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना तो कोण ते माहीत नाही, तरी वाजवतायत."

"मंग?" काका म्हणाले.

"पुढचं आलं नाही अजून."

"तुला माहीत असंल तर सांग आता. मला चालंल."

"मला पण माहीत नाही, काका. अजून झालंच नाही ते."

आम्ही तिघंही त्या फोनकडे बघत बसलो. दूधवाला दारात येऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. एक मिनिट गेलं असेल, जास्तही असेल. मग आजीबाईंची ओळ आली. ती इतकी छोटी होती की मला मराठीत करून सांगावी लागली नाही. काकांनी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतः वाचली.

पहिला चेंडू. स्ट्राइक.